खचलेल्या मनाचे प्रश्न: ख्रिस्ती विश्वास आणि निराशा

हे प्रश्न मंडळीतल्या लोकांनी विचारलेले आहेत. कुणी उपासना संपल्यावर बाजूला घेऊन विचारतं, कुणी रात्री उशिरा व्हॉट्सअ‍ॅपवर लिहितं. माणसं वेगवेगळी असली तरी प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. संदर्भ पवित्र शास्त्रातले आहेत, ते उघडून शेजारी ठेवा. जीव नकोसा झाला असेल तर बाकी सगळं सोडा आणि आधी प्रश्न ९ वाचा.

१. ख्रिस्ती माणसाने निराश होणं हे पाप आहे का?

नाही. गेथशेमाने बागेत येशू शिष्यांना म्हणाला, "माझा जीव मरणप्राय अति खिन्न झाला आहे" (मत्तय २६:३८). खिन्न होणं पाप असतं तर तो सर्व प्रकारे पारखला गेला तरी निष्पाप राहिला, हे इब्री ४:१५ मधलं वाक्य खोटं ठरलं असतं. त्या रात्री त्याने आपली अवस्था झाकलीही नाही. तिघांना जवळ बोलावलं, मनातलं सांगितलं आणि माझ्याबरोबर जागे राहा अशी विनंती केली. देवाच्या पुत्राला सोबत मागावीशी वाटली, तर तुम्हाला वाटण्यात कमीपणा कसला?

मोशेने देवाला सांगितलं की असंच वागवणार असलास तर मला मारून टाक (गणना ११:१५). यिर्मयाने स्वतःच्या जन्मदिवसाला शाप दिला. आशिया प्रांतात आपली जगण्याचीही आशा सुटली होती, असं पौल करिंथकरांना मोकळेपणाने लिहितो (२ करिंथ १:८). शास्त्राने यातलं काहीच गाळलेलं नाही. खचल्यावर माणूस जे करून बसतो, म्हणजे दारू, मुलांवर हात उगारणं, खोटं बोलणं, त्याचा हिशेब वेगळा. त्याबद्दल प्रश्न १२ मध्ये आहे.

२. मग मंडळीत "विश्वास असेल तर खचायचं कारणच नाही" असं का सांगतात?

साक्ष, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीपुढे सांगणं, नेहमी निकाल लागल्यानंतर दिली जाते, म्हणून. नोकरी मिळाली, ऑपरेशन नीट झालं, मुलगी घरी परत आली, की माणूस पुढे येऊन साक्ष देतो. मधल्या अंधाऱ्या वर्षांत कुणी माईक हातात घेत नाही. ऐकणाऱ्याला मग वाटतं, बाकी सगळे विजयात चालताहेत, मीच तेवढा मागे पडलोय. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, पण खचलेल्या माणसाच्या डोक्यावर आणखी एक ओझं चढतं: आधीचं दुःख आहेच, वर विश्वास कमी पडल्याची लाज.

३. सगळे एलीया संदेष्ट्याचं उदाहरण देतात. त्यात नेमकं शिकण्यासारखं काय आहे?

खूप आहे. आणि ते बहुतेक वेळा घाईघाईने सांगून टाकतात, म्हणून इथे सावकाश पाहू. १ राजे १९ उघडा.

आदल्याच अध्यायात कर्मेल डोंगरावर एलीयाने बआलाच्या ४५० संदेष्ट्यांसमोर एकट्याने उभं राहून विजय मिळवला आहे. त्यानंतर ईजबेल राणीचा एक निरोप येतो आणि हा माणूस जीव घेऊन पळतो. म्हणजे मोठ्या विजयाच्या दुसऱ्याच दिवशीही माणूस कोसळू शकतो. उपास-प्रार्थनेची सभा, लग्न, परीक्षा किंवा मोठं काम पार पडल्यावर अचानक रितं वाटलं तर घाबरू नका.

बैर-शेब्याला पोचल्यावर तो आपल्या सेवकाला तिथेच ठेवतो आणि एकटा रानात जातो. ही गोष्ट एका ओळीत आहे, पण खचलेला माणूस नेमकं हेच करतो: सोबतीला असलेला एकुलता एक माणूसही मागे ठेवतो. मग झुडपाखाली बसून तो म्हणतो की पुरे झालं, आता माझा प्राण घे. आणि झोपतो.

देव काय करतो ते नीट पाहा. दूत येतो, त्याला हात लावून उठवतो आणि ऊठ, खा म्हणतो. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आहे, पाण्याचं भांडं आहे. एलीया खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. दूत त्याला झोपू देतो. दुसऱ्यांदा येतो तेव्हाही आधी खाणंच. का, तर पुढची वाट तुला झेपण्यासारखी नाही. इथवर उपदेशाचा एक शब्दही झालेला नाही! आधी झोप, अन्न, पाणी, स्पर्श, आणि मग चाळीस दिवसांची वाट चालून होरेब डोंगरापर्यंतचा प्रवास.

होरेबावर देव त्याला दोनदा तोच प्रश्न विचारतो की तू इथे काय करतोस. वारा, भूकंप, अग्नी होतो, मंद वाणी ऐकू येते, आणि एवढं होऊनही एलीयाचं दुसरं उत्तर पहिल्यासारखंच आहे (वचन १० आणि १४ ताडून पाहा). दर्शन होऊनसुद्धा त्याचं मन लगेच बदललेलं नाही. देव त्यासाठी त्याला रागावत नाही. पुढचं काम नेमून देतो, अलीशा नावाचा सोबती देतो, आणि बआलापुढे गुडघे न टेकलेले सात हजार अजून आहेत, तू एकटा नाहीस, असं सांगतो.

देव ज्या क्रमाने वागला तो क्रम आपण मंडळीत उलटा करतो, असं मला वाटतं. आधी वचन, मग समजूत, मग जमलं तर चहा. खचलेल्या माणसाला या क्रमानेच अधिक दमवलं जातं. पुढच्या कितीतरी उत्तरांत हाच मुद्दा परत येईल.

४. प्रार्थनेला बसलं की शब्दच फुटत नाहीत. काय करू?

स्वतःचे शब्द सुचत नसतील तर उसने घ्या. दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत, ती याचसाठी. स्तोत्र १३ फक्त सहा वचनांचं आहे आणि त्याच्या सुरुवातीलाच "कुठवर?" हा प्रश्न चारदा विचारला आहे. तेवढंच मोठ्याने वाचा. स्तोत्र ४२ आणि ४३ एकापाठोपाठ वाचा. त्यांत गाणारा स्वतःच्या जिवाशीच बोलतो, हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास? हे कडवं तीनदा येतं. एकदा म्हणून मन ताळ्यावर आलं नाही, म्हणून पुन्हा म्हणावं लागलं.

आणि स्तोत्र ८८ अवश्य वाचा. ते अंधारातच संपतं. शेवटी आशेचं वळण नाही, स्तुती नाही. तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे, म्हणजे अशी प्रार्थनाही देवाघरी मोजली जाते.

वाचायचंही त्राण नसेल तर नुसते बसा. आपण कशी प्रार्थना करावी हे कळत नाही तेव्हा आत्मा अवर्णनीय कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो (रोम ८:२६). घरात कुणी असेल तर त्याला शेजारी बसून प्रभूची प्रार्थना म्हणायला सांगा, तुम्ही "आमेन" तेवढं म्हणा. कॅथलिक घरांत रोझरीचा हाच उपयोग होतो. सवयीचे शब्द अशा वेळी हाताशी असतात.

५. देवाकडे तक्रार करणं उद्धटपणा नाही का?

पाठीमागे कुरकुर करणं आणि तोंडावर गाऱ्हाणं मांडणं यांत फरक आहे. वाळवंटात इस्राएल लोकांनी देवाविषयी आपापसांत कुरकुर केली. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाने आणि यिर्मया संदेष्ट्याने जे काय बोलायचं ते देवालाच सुनावलं. ईयोबाच्या पुस्तकाच्या शेवटी देव कुणावर संतापतो? देवाची बाजू घेऊन छान छान बोलणाऱ्या मित्रांवर. माझा सेवक ईयोब जसा माझ्याविषयी यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत, असं देव त्यांना सांगतो (४२:७). एवढं ओरडूनही ईयोब अजून त्याच्याच दारात उभा होता.

६. "देव आपल्याला झेपेल तेवढंच देतो" हे खरं आहे का? मला तर झेपत नाहीये.

हे वाक्य जसंच्या तसं शास्त्रात नाही. १ करिंथ १०:१३ मधून ते काढलेलं आहे. तिथे विषय मोहाचा आहे: मूर्तिपूजा, व्यभिचार, कुरकुर. मोह अनावर होऊ नये म्हणून देव निभावण्याची वाटही काढतो, असं ते वचन सांगतं. कर्करोग, कर्ज, तरुण मुलाचा मृत्यू यांच्या वजनाबद्दल ते बोलत नाही.

दुःखाच्या वजनाबद्दल त्याच पौलाने त्याच मंडळीला पुढच्या पत्रात लिहिलं आहे: आम्ही शक्तीपलीकडे अतिशय दडपले गेलो (२ करिंथ १:८). शक्तीपलीकडे! आपण स्वतःवर नव्हे, तर मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर भरवसा ठेवावा म्हणून हे झालं, असं तो पुढच्या वचनात म्हणतो. झेपत नसेल तर "झेपत नाही" असं म्हणा. ते खरं आहे आणि शास्त्राला धरूनच आहे. मग ओझं वाटून घ्यायला माणसं शोधा (गलती ६:२).

७. यिर्मया २९:११ आमच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलं आहे. पण हिताचं काही घडताना दिसत नाही. वचन खोटं आहे का?

वचन खरं आहे, पण फ्रेममध्ये फक्त एकच ओळ मावली आहे. हे पत्र बाबेलात कैद करून नेलेल्या लोकांना लिहिलं होतं. आदल्याच वचनात मुदत दिली आहे: ७० वर्षं. ते पत्र ऐकणाऱ्या बहुतेक प्रौढ माणसांनी यरुशलेम पुन्हा पाहिलं नसणार. लवकरच परत जाल असं सांगणारे संदेष्टे तेव्हाही होते, आणि देवाने त्यांना खोटं ठरवलं. कैद्यांना सांगितलं काय, तर घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या नगरात नेलं आहे त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. म्हणजे वचनाची वाट पाहतानाही रोजचं जगणं थांबवायचं नाही. फ्रेम काढू नका. संपूर्ण अध्याय एकदा घरच्यांसोबत वाचा.

८. वर्षानुवर्षं एकच प्रार्थना करते आहे. उत्तर नाही. अजून किती थांबायचं?

किती ते मी सांगू शकत नाही, आणि "देवाची वेळ आली की होईल" असं म्हणून तुमचा प्रश्न मिटवायचीही इच्छा नाही. मूल, नोकरी, नवऱ्याचं व्यसन, आईचा आजार: काही प्रार्थनांना या आयुष्यात हवं ते उत्तर मिळत नाही. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवलं. काटा राहिला. माझी कृपा तुला पुरेशी आहे, एवढंच उत्तर मिळालं (२ करिंथ १२:९).

पंडिता रमाबाईंचं आयुष्य डोळ्यांपुढे आणा. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती गेले. कडेवर लहानगी मनोरमा. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं, मनोरमा मोठी होऊन आईच्या कामाला लागली, आणि तीच मुलगी १९२१ मध्ये, रमाबाईंच्या डोळ्यांदेखत, चाळिशीत गेली. उतारवयातल्या रमाबाईंनी शास्त्राचं मराठी भाषांतर चालूच ठेवलं. ५ एप्रिल १९२२ ला त्या वारल्या. त्यांच्या शोकाला "सगळं चांगल्यासाठीच झालं" असं म्हणायची हिंमत मला होत नाही. पण रडणं आणि काम, दोन्ही एकाच माणसात सोबत राहू शकतात हे त्यांच्याकडे पाहून कळतं.

त्या एका प्रार्थनेचा भार रोज एकटीने वाहू नका. तुमच्या वतीने ती करत राहील अशी एखादी विश्वासू बहीण शोधा. काही महिने तिला मागू द्या, तुम्ही विसावा घ्या.

९. मला जगावंसंच वाटत नाही. देव माझ्यावर रागावेल का?

रागावणार नाही. मरण मागितलेल्या एलीयावर तो रागावला नाही. त्याने भाकर आणि पाणी पाठवलं, कारण त्याला तो जिवंत हवा होता. तुम्हीही हवे आहात.

आता लगेच करायचं ते हे. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक लावा. केंद्र सरकारची ही मानसिक आरोग्य सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येतं. जीव द्यायची पद्धत मनात ठरली असेल किंवा काही हाताशी असेल तर ११२ लावा, किंवा कुणाला तरी सोबत घेऊन जवळच्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जा. घरात कीटकनाशक किंवा गोळ्यांचा साठा असेल तर तो दुसऱ्याच्या ताब्यात द्या. आज रात्री एकटे झोपू नका. एका माणसाला स्पष्ट शब्दांत सांगा, "मला मरावंसं वाटतंय, माझ्याजवळ थांब." आडून सुचवू नका, समोरच्याला कळत नाही.

हा निरोप तुम्हाला कुणाकडून आला असेल तर उपदेश करू नका आणि गुप्ततेचं वचनही देऊ नका. जाऊन बसा.

१०. डिप्रेशनसाठी डॉक्टरकडे गेलो, गोळ्या घेतल्या, तर तो अविश्वास ठरेल का?

नाही. निरोग्यांना नाही, दुखणेकऱ्यांना वैद्याची गरज असते, असं प्रभू स्वतः म्हणाला (मार्क २:१७). पौलाचा प्रिय सोबती लूक वैद्य होता. आपल्याच महाराष्ट्रात मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू केलं. शरीराला औषध देणं ज्या मंडळीने सेवा मानलं, तिने मेंदूच्या औषधाला नाक मुरडू नये.

साधी निराशा आणि आजार यांच्यातली रेघ घरबसल्या काढणं अवघड असतं, तरी काही खुणा आहेत. दोन आठवडे किंवा अधिक काळ जवळपास रोज उदास वाटणं, आवडत्या गोष्टींतही गोडी न राहणं, झोप किंवा भूक बिघडणं, लक्ष न लागणं, आपण कवडीमोल आहोत असं वाटणं, मरणाचे विचार येणं. यांतल्या बऱ्याच गोष्टी एकत्र असतील तर डॉक्टरांना दाखवा. थायरॉइड किंवा बी-१२ ची कमतरता यामुळेही मन खाली जातं, रक्त तपासलं की कळतं. बाळंतपणानंतरची उदासी "बाहेरची बाधा" समजून अंगावर काढू नका. खासगी डॉक्टर परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. आणि एक कळकळीची विनंती: आरोग्य सभेत हात ठेवून प्रार्थना झाली म्हणून गोळ्या एकदम बंद करू नका. देवाने बरं केलं असेल तर डॉक्टरांनाही ते दिसेल, आणि तेच डोस कमी करत आणतील.

११. हा सैतानाचा हल्ला तर नाही?

सैतान आहे, आणि थकलेल्या माणसाला तो गाठतो हेही खरं. वाळवंटात चाळीस दिवसांच्या उपासानंतर येशूला भूक लागली तेव्हाच तो आला. पण प्रत्येक उदास सकाळ त्याच्या नावावर टाकली तर खरं कारण शोधायचं राहून जातं. रात्रपाळी, कर्जाचे हप्ते, सासरचा छळ, आजार यांना कारण म्हणून नाव द्या. "तू देवाला नकोसा झालास, आता परत जायची वाट नाही", हा आवाज मात्र प्रभूचा नाही, एवढं निश्चित जाणा. दोषी ठरवून दार बंद करणं हे त्या दोष ठेवणाऱ्याचं काम आहे (प्रकटी १२:१०).

१२. मी पुन्हा पुन्हा त्याच पापात पडतो. आता देवाला तोंड दाखवायचीही लाज वाटते.

पेत्र आणि यहूदा दोघांनीही एकाच रात्री येशूला दगा दिला आणि दोघांनाही पश्चात्ताप झाला. यहूदा कबुली द्यायला गेला तो मुख्य याजकांकडे. मी निर्दोष रक्त धरून दिलं, असं त्याने सांगितलंसुद्धा. त्यांनी त्याला झटकून टाकलं: आम्हाला त्याचं काय, तुझं तू पाहा. तो बाहेर पडला आणि संपला (मत्तय २७:३-५).

पेत्राने कोळशांच्या विस्तवाजवळ शेकत असताना नाकारलं होतं (योहान १८:१८). योहान २१ मध्ये किनाऱ्यावर पुन्हा कोळशांचा विस्तव आहे, त्यावर मासळी आणि भाकर आहे, आणि येशू सगळ्यांना न्याहारीला बोलावतो. पुन्हा आधी खाणं! त्यानंतर तीन नकारांना तीन प्रश्न, आणि प्रत्येक उत्तराला काम: माझी मेंढरं चार.

म्हणून पाप लपवू नका आणि ते कुणाही पुढे उघडंही करू नका. झटकून टाकणार नाही अशा माणसाकडे जा: पाळक, वडीलधारा विश्वासी, कॅथलिक असाल तर पापनिवेदनाला फादरांकडे. दारू किंवा जुगाराची सवय असेल तर नुसती कबुली पुरत नाही, उपचार आणि आधारगटही लागतो.

१३. घरात मी एकटीच विश्वासी आहे. सणवार आले की भांडण, रविवार आला की टोमणे. मन तुटून गेलं आहे.

आपल्या मुलखात हे दुःख जुनं आहे, आणि ते दोन्ही बाजूंनी असतं. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. कित्येक वर्षं त्या नवऱ्यापासून दूर, नातलगांकडे राहिल्या. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला, तो त्यांना स्वतःला पटल्यावर. तुमच्या घरचे जे बोलतात त्यामागे कदाचित तसंच, आपलं माणूस हातचं गेल्याचं भय असेल. ते ओळखलंत तर टोमणे थोडे कमी टोचतील.

रोज वाद घालू नका. घरातलं प्रेमाचं वागणं चालू ठेवा, आणि आठवड्यातून एकदा तरी विश्वासी माणसांत बसता येईल असं पाहा. मारहाण किंवा कोंडून ठेवणं होत असेल तर मात्र सहन करणं हा क्रूस समजू नका. प्रश्न १५ चा शेवट वाचा.

१४. मी पाळक आहे. गावात कित्येक वर्षं सेवा केली, मंडळी तेवढीच आहे. आता पुढे रेटवत नाही.

अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत आले आणि १८२६ मध्ये, नाशिक भागातल्या प्रवासात, पटकीने गेले. इतक्या वर्षांत बोट दाखवावं असं फळ त्यांना फारसं दिसलं नाही. त्यांच्या पाठीमागे मराठी मंडळ्या उभ्या राहिल्या. हे मी "तुमचंही तसंच होईल" म्हणून सांगत नाही. माणसं मोजून सेवा मोजता येत नाही, एवढंच म्हणायचं आहे.

पण तुमच्या प्रश्नात मला थकवा जास्त ऐकू येतो. मोशे असाच थकला तेव्हा देवाने त्याला सत्तर वडील दिले, म्हणजे काम वाटून दिलं. तुमच्याकडे प्रवचन, आजारी भेटी, अंत्यविधी, हिशेब आणि छपराची दुरुस्ती हे सगळं एकाच माणसावर असेल तर त्यावर आणखी उपास करणं हा उपाय नव्हे. आठवड्याचा एक दिवस फोन बंद ठेवा आणि मंडळीला तो दिवस माहीत असू द्या. दुसऱ्या गावच्या एखाद्या पाळकाला तुमचा पाळक व्हायला सांगा. मंडळीच्या कमिटीवर असलेल्यांना माझं सांगणं: पाळकबाईंना आणि मुलांना सुट्टी कधी मिळाली होती, ते एकदा विचारा.

१५. नोकरी सोडावी, मंडळी बदलावी, लग्न मोडावं असं वाटतंय. हाच देवाचा इशारा आहे का?

लोयोलाचे संत इग्नाती यांचा यावर जुना आणि अजून खरा ठरणारा नियम आहे: मन उजाड झालेलं असताना आधीचा निर्णय बदलू नये. उजेड होता तेव्हा जे ठरवलं होतं त्याला धरून राहावं, आणि प्रार्थना मात्र थोडी वाढवावी. खचलेल्या मनाला प्रत्येक बाहेर जाणारा रस्ता देवाचाच वाटतो. झोप, जेवण, उपचार मार्गी लागू द्या, दोन शहाण्या माणसांशी बोला, मग ठरवा.

याला अपवाद आहे. मारहाण, लैंगिक छळ, जिवाची भीती असेल तर मन सावरायची वाट पाहायची नाही. आधी सुरक्षित जागी जा. येशू लहान असताना योसेफाने रात्रीच ऊठून मिसर गाठलं होतं. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे, मुलांसाठी १०९८.

१६. खचलेल्या माणसाशी काय बोलावं? वचन पाठवलं तर बरं वाटेल का?

ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्दही न बोलता. तोवर ते उत्तम मित्र होते. तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं.

डबा घेऊन जा. भाजी-भाकरी, पेज, मुलांसाठी खिचडी, काहीही. भांडी घासून ठेवा. "काही लागलं तर सांग" असं म्हणू नका, खचलेल्याला सांगताही येत नाही. "मी उद्या पाच वाजता येते, दवाखान्यात बरोबर जाऊ" असं म्हणा. पौल मॅसेडोनियात खचला होता तेव्हा देवाने त्याला तीत येऊन भेटल्याने धीर दिला (२ करिंथ ७:६). दिलासा माणसाच्या रूपाने आला. वचन पाठवायचं तर एकच पाठवा, आणि त्याखाली उत्तराची अपेक्षा नाही असं लिहा. सकाळी सहाला फुलांचं चित्र नको.

१७. मंडळीत मन मोकळं केलं की प्रार्थनेचा विषय म्हणून गावभर होतं. मग कुणाला सांगायचं?

तुमची भीती खरी आहे. "बहिणीसाठी प्रार्थना करा, तिच्या घरी असं असं चाललंय", या नावाखाली चहाडी होते आणि ती करणाऱ्यालाही ते कळत नाही. सांगताना आधीच अट घाला: हे तुमच्याजवळच ठेवा, ग्रुपवर टाकू नका. एक लहानशी गोष्ट सांगून माणूस पारखा. ती बाहेर फुटली नाही तर पुढचं सांगा. मंडळीत कुणीच तसं नसेल तर दुसऱ्या गावातला विश्वासी किंवा समुपदेशक चालेल. प्रार्थना सभा चालवणाऱ्यांनी नाव न घेता "एका कुटुंबासाठी" एवढंच म्हणावं. कोण ते देवाला ठाऊक असतं.

१८. आमच्या भावाने आत्महत्या केली. तो विश्वासी होता. त्याचं तारण गेलं का?

हा प्रश्न विचारणाऱ्या घराला आधी मिठी हवी. मग उत्तर.

आत्महत्या हे अक्षम्य पाप आहे असं शास्त्र कुठेही म्हणत नाही. येशूने अक्षम्य म्हटलं ते पवित्र आत्म्याविरुद्धचं दुर्भाषण वेगळं आहे. शेवटच्या क्षणी पश्चात्तापाला वेळ मिळाला नाही, असं कुणी म्हणेल. पण झोपेत किंवा अपघातात जाणारे कितीतरी विश्वासी सगळ्या पापांची कबुली देऊन जात नाहीत, आणि आपलं तारण शेवटच्या मिनिटावर टांगलेलं नाही, ख्रिस्तावर आहे. मरण किंवा जीवन आपल्याला देवाच्या प्रीतीपासून वेगळं करू शकणार नाही, अशी पौलाची खात्री आहे (रोम ८:३८-३९). कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षणातही स्पष्ट लिहिलं आहे की गंभीर मानसिक आजार किंवा यातना असताना माणसाची जबाबदारी कमी होते, आणि अशा लोकांच्या तारणाची आशा सोडू नये.

अंत्यविधीला कुणी वेगळं वागवलं असेल, दफनासाठी नाकं मुरडली असतील, तर ती माणसांची चूक आहे, तो देवाचा निवाडा नव्हे. जे आज त्याच विचारांशी झुंजताहेत त्यांनी हे उत्तर परवानगी म्हणून वाचू नये, प्रश्न ९ कडे जावं. आणि तुमचं स्वतःचं मन जपा. "मला आधी कसं कळलं नाही" हा प्रश्न मागे राहणाऱ्याला पोखरतो, त्यासाठी समुपदेशन घ्या.

१९. मी सावरलो, पण पुन्हा तसंच होईल याची भीती वाटते.

होऊ शकतं. पहिली साक्ष त्याने खोटी ठरत नाही. बरे असतानाच एका कागदावर लिहून ठेवा: माझ्या खचण्याची सुरुवात कशी होते (काहींची झोप जाते, काही उपासनेला मागच्या बाकावर बसू लागतात, काही फोन उचलत नाहीत), तेव्हा कुणाला कळवायचं, कोणत्या डॉक्टरांकडे जायचं, कोणतं स्तोत्र वाचायचं. एक प्रत घरातल्या माणसाकडे द्या आणि त्याला विचारायचा हक्क द्या. गोळ्या चालू असतील तर त्या केव्हा थांबवायच्या ते डॉक्टर ठरवतील (प्रश्न १०). तो कागद शास्त्रात, १ राजे १९ च्या पानात ठेवला तर वेळेला सापडेल.